खैरटोल्यातली विजेची पाळी

परत आल्यापासून जो तो विचारतो, नवेगाव बांधची पाखरं कशी होती? चांगली होती. भरपूर होती. फोटोही काढलेत, बहुतेकांत पाण्याचा मोठा पत्रा आणि त्यावर तीळ सांडल्यासारखं काहीतरी दिसतं. पण मला सांगायचंय ते तीन चाकांच्या एका गाडीबद्दल, आणि त्या गाडीपायी मी घातलेल्या घोळाबद्दल. घोळ सर्वस्वी माझा होता. तो कबूल करायला मला तिथं दोन दिवस लागले.

मी शहरी बसच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो. कोणतं शहर ते लिहीत नाही, ज्याला त्याला आपलंच वाटेल. गाडी दिसली की वाकून खाली बघायची खोड आहे. बायकोच्या गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे एकटाच निघालो होतो.

अर्जुनी स्टेशन

गोंदियाच्या फलाटावर मी मराठीत चहा मागितला, चहावाल्यानं हिंदीत दिला, आणि दोघांचंही समाधान झालं. तिथून दक्षिणेकडची गाडी धरून अर्जुनी मोरगावला उतरलो. डिसेंबर होता. बाहेर पडलो तर उन्हात एक ई-रिक्षा उभी, आणि लुगड्यावर खाकी सदरा घातलेली एक बाई तिची काच पुसत होती.

"कोठी जाता जी?"

"नवेगाव बांध."

"बसा. खैरटोल्यावरून जातो. चार जन झाले का निघतो."

इकडं बायाही 'येतो, जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, दुसऱ्या दिवसापासून गोड लागतं. खैरटोला हे नावही मी बदललेलं आहे. का, ते पुढं कळेल. बाईंचं नाव आपण सुजाता रामटेके म्हणू. मी सवयीनं सीटखाली डोकं घातलं.

"कायले वाकून राह्यले? काई पडलं का?"

"बॅटरी बघतोय."

"पाहा. तिले काई लपवायचं नाही."

बॅटरी बघून मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही. टर्मिनलं घासूनपुसून लख्ख, पाण्याची पातळी बरोबर, वायरींना एकही नागडा जोड नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एवढी स्वच्छ बॅटरी मी फक्त मंत्री येणार असले की पाहिलेली.

चौघं भरले. एक म्हातारी गोंडीत स्वतःशी बोलत होती, दोन पोरी कॉलेजच्या होत्या, आणि चौथा मी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, मध्येच एखादी बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि तिच्यात पाय बुडवून उभे बगळे. गाडीला आवाज नाही, त्यामुळे म्हातारीचं बोलणं, बांध्यांतला, म्हणजे धानाच्या वाफ्यांतला, मळणीचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. मी आयुष्यभर इंजिनाच्या कानठळ्यांत काढलेला माणूस. असा प्रवास असतो हे मला माहीत नव्हतं, खरंच सांगतो.

या रस्त्यावर बस दिवसातून दोनदा येते, तीही मनात आलं तर, असं पोरींनी सांगितलं. ही गाडी सुरू झाली म्हणून त्या दोघींचं कॉलेज सुरू राहिलं. नाहीतर बारावीला घरी बसल्या असत्या.

खैरटोला

राहायची सोय सुजाताताईंनीच आपल्या घरी केली. संध्याकाळी जेवायला तांदळाचे आयते होते, पातळ, जाळीदार, डोशाचे धाकटे भाऊ म्हणावेत असे. सोबत बोडीतल्या झिंग्यांची चटणी. मी किती खाल्ले ते बायकोला सांगितलेलं नाही.

जेवताना बघतो तर गाडी अंगणात नाही. चोरीला गेली की काय, असं वाटून मी उठलो, तर ताई हसायला लागल्या.

"बसा जी. आज ते बुधराम उईकेच्या घरी हाय. त्याची पाळी हाय आज."

हा पाळीचा प्रकार मला दुसऱ्या दिवशी सकाळी शामराव कापगत्यांनी समजावला. शामराव म्हणजे गावच्या तलावाचं पाणी सोडणारा माणूस. सत्तरीचे, अंगानं काटकुळे, बोलायला सरळसोट. तलावाचं पाणी सगळ्या बांध्यांना पाळीपाळीनं मिळतं. कुणाची पाळी कधी, हे शामरावांच्या डोक्यात असतं आणि त्यावर गावात वाद नसतो. गाडी आली तेव्हा तिला वीज कुठून द्यायची हा प्रश्न पडला. बायकांच्या बचत गटानं थांब्याजवळ वेगळ्या मीटरसाठी विजेच्या कचेरीत अर्ज केला, पण मीटर काही येईना. मग शामराव म्हणाले, पाण्यासारखीच विजेची पाळी लावू. रोज एक घर. ज्याच्या घरी गाडी लागते, त्या घरातल्यांना दुसऱ्या दिवशी तिकीट नाही.

"आणि मीटर का येईना?" मी विचारलं.

"साहेबाच्या बाबूले वजन पाहिजे फाइलीवर," शामराव म्हणाले. "आमी नाही देत."

"वर्ष झालं?"

"वर्ष झालं. चार गावच्या बायायनं आपापल्या गाडीसाठी अर्ज केले. आमचा सगळ्यात मागून गेला. चारही गावं एका जागी बसलो, ठरवलं, कोनीच द्याचं नाही. एकानं देलं का बाकी तीन मेले."

मला खरं सांगायचं तर त्यांची गंमत वाटली. शहाण्या माणसानं एव्हाना देऊन टाकून वर्षभर गाडी धडाधड फिरवली असती. तसं मी बोललोही. 

"एक साल एकानं पान्याची पाळी पुढं घेतली होती, माझ्या बापाले बाटली देऊन, तवा पानी तोच सोडे," शामराव म्हणाले. "शेवटच्या बांधीतला धान वारला. ते बांधी आमचीच होती."

वारला म्हणजे वाळला. मी विषय बदलला.

नवेगाव बांध

तलाव मोठा आहे एवढंच म्हणतो, कारण मोठा म्हणजे किती, हे मला शब्दांत येत नाही. पलीकडे डोंगर, अलीकडे मासे धरणाऱ्यांच्या होड्या, आणि मध्ये थंडीची पाहुणी बदकं. सारस दिसेल का, असं मी विचारलं, तर एका मासेवाल्यानं हात वर गोंदियाच्या दिशेला केला. "तिकडं जा बाप्पा. इकडं आमीच हाओत."

मी ताईंना म्हटलं, अजून थोडं पुढं जाऊ, त्या वळणापलीकडे पाखरं जास्त असतील. त्या म्हणाल्या, परतीपुरतंच चार्ज आहे. मी म्हटलं, अहो, मी बत्तीस वर्षं गाड्या बघितल्यात, बॅटरी आरामात पुरते. पुरली नाही. येताना भर चढावर गाडीनं मान टाकली. फोरमनसाहेब खाली उतरून ढकलू लागले. ताई पुढून हँडल धरून, मी मागून, असे आम्ही एका चहाच्या टपरीपर्यंत आलो. टपरीवाल्यानं लगेच आपल्या बल्बाशेजारचा प्लग रिकामा करून दिला.

गाडी लागली आणि आम्ही चहा घेत बसलो.

"तुमच्या शहरात विजेच्या मोठ्या बसा आल्या म्हन्ते. मस्त चालत असतील?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ढकलून ढकलून दमलो होतो, खोटं बोलायलाही दम लागतो. मी सांगितलं, बसा आल्या, पण रांगेनं उभ्या आहेत. चार्जर बसवायचं काम ज्याला दिलं तो कुणाचा तरी मेहुणा होता. त्यानं खांब उभे केले, रंग दिला, आत काही घातलंच नाही. आणि 'काम पूर्ण, चालू स्थितीत' या कागदावर सही माझी आहे.

"तुमी काऊन केली सही?"

"साहेब म्हणाले."

"मंग?"

"मग काय. केली."

 ताईंनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मला वाटलं होतं, निदान शिवी तरी देतील.

नोटीस

गावात परतलो तर थांब्यावर माणसं गोळा झालेली. कचेरीतून एक जण येऊन कागद देऊन गेला होता. घरगुती मीटरवर धंद्याची गाडी चार्ज केली जाते; आठ दिवसांत हे बंद केलं नाही तर अशा घरांच्या लाइनी कापण्यात येतील. खाली सात घरांची नावं. ती नावं बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं, कुणीतरी वर्षभर नीट लक्ष ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव बसलं. बुधराम उईके जंगलखात्यात मजुरीला जाणारा, बोलायला लाजाळू माणूस. त्याच्या घरी तान्हं लेकरू होतं. तो म्हणाला, "लाइन कापली त अंधार होईल." बस, एवढंच म्हणाला आणि खाली बसला. सुजाताताईंचा चेहरा मी पाहिला. ही गाडी म्हणजे त्यांचं पोट होतंच, पण आता ती चालवायची तर शेजाऱ्याच्या घरातला दिवा पणाला लावावा लागणार होता. त्या म्हणाल्या, "ज्याले नाही जमत त्यानं आजच सांगा. मी राग नाही धरनार." ना कुणी माघार घेतली, ना कुणी हो म्हटलं. बैठक तशीच उठली.

आणि इथं मी तो घोळ घातला.

मला ते बघवेना. परतीचं तिकीट काढून येतो असं सांगून मी बसनं तालुक्याला गेलो, कोणत्या तालुक्याला ते नाही सांगत, आणि कचेरीत त्या बाबूला गाठलं. मला वाटलं होतं कुणी मग्रूर माणूस असेल. छे! इतका मऊ माणूस. खुर्ची दिली, प्रवासाची चौकशी केली, पाखरं पाहिली का विचारलं.

"आप तो समझदार आदमी हैं, साहब," तो म्हणाला. "इन लोगों को कौन समझाए? फाइल को भी पाँव लगते हैं."

मी समजदार आदमी असल्यामुळे बाहेरच्या टपरीमागं जाऊन त्यानं मागितले तेवढे दिले.  उलट परतताना बसमध्ये मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, कुणाला कळणार आहे? या भल्या माणसांचा तिढा आपण सोडवला.

मीटर

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. थांब्याजवळ खांबावर डबा ठोकला, मीटर बसवलं, गेली. वर्षभर न हललेलं काम दोन तासांत! पोरं नाचली. शामरावांनी मीटरला हात लावून पाहिला. एका घरातून गूळ-पोहे आले. ताई गाडी आणून खांबाशी उभी करून नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही डोळे पुसले, हो, पुसले. स्वतःच्याच हुशारीवर रडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तो मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना शेजारच्या गावच्या गटातल्या बाईचा फोन आला. त्या अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता माझ्याकडं वळल्या. बाबूनं त्या गावाला निरोप धाडला होता: खैरटोल्यानं समजून घेतलं, तुम्ही कधी घेता? बाकीच्या दोन गावांनाही तोच निरोप.

"तुमी देले का जी?"

"हो."

"काऊन देले?"

"तुमच्यासाठी. त्या सात घरांसाठी. बुधरामच्या लेकरासाठी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक साल झालं जी. एक साल आमी चार गावच्या बाया एकमेकीले रोज फोन करून राह्यलो, देलं त नाही ना, देलं त नाही ना म्हून. आता मी त्यायले काय सांगू?"

 मी म्हटलं, मी जाऊन सांगतो.

"हव," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगा. बसा गाडीत."

तीन गावं

त्या दिवशी तीन गावं फिरलो. रस्ता सुंदर होता. पळसाची झाडं, तलावांचे बांध, ओल्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाचं हिरवं अंथरूण. मला त्यातलं काही धड दिसलं नाही. प्रत्येक गावात बाया जमायच्या, ताई म्हणायच्या, "पाहुने बोलतात," आणि मी उभा राहून सांगायचो की पैसे मी दिले, खैरटोल्यानं दिले नाहीत, खैरटोल्याला ठाऊकही नव्हतं. पहिल्या गावात तेच दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या गावात एका बाईनं तोंडावर सांगितलं, "कायले आलते बाप्पा आमच्या इकडं? पाखरं पाहाची होती त पाहून जाचं होतं." बरोबरच होतं तिचं. इकडची माणसं मनातलं पोटात ठेवत नाहीत. आमच्याकडं मला चहा पाजून, गोड बोलून वाटेला लावलं असतं आणि मागून शिव्या दिल्या असत्या.

तिसऱ्या गावात एक म्हातारी माझ्या बाजूनं उभी राहिली. म्हणाली, "आपल्या खिशातले देले त्यानं. चांगल्या मनानं देले. त्याले काय बोलता?"

सुजाताताई म्हणाल्या, "चांगल्या मनानं देले म्हून त घात झाला मावशी. वाईट मनाच्या मानसाले आपन दुरूनच ओळखतो."

मग तिथंच ठरलं. खैरटोल्याचं मीटर काढून न्या, असा अर्ज वरच्या साहेबांना द्यायचा. चारही अर्ज ज्या क्रमानं आले त्या क्रमानं जोडण्या द्या, असं त्यात लिहायचं. आणि सोबत हवा होता एक कागद, पैसे कुणी, कुणाला, कुठं दिले त्याचा. तो मात्र माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं.

मी घाबरलो. देणाराही गुन्हेगार असतो, हे मला माहीत होतं. पेन्शन आठवलं, शेजारीपाजारी आठवले. ताईंनी जबरदस्ती केली नाही. म्हणाल्या, "नाही लिहलं त बी स्टेशनावर सोडतो तुमाले. आमी आमचा अर्ज देतोच." मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही पाखरं बघायला गेला होता ना?" ती म्हणाली.  मग म्हणाली, "एक खोटी सही केलीत नोकरीत, तीन वर्षं रात्री कूस बदलताय. ही तरी खरी करा."

केली. ताईंच्या वहीचा कागद होता, आणि मजकूरही त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेला. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. खाली नाव, पत्ता, हुद्दा, सगळं घातलं. अर्ज आणि कागद आम्ही वरच्या साहेबांच्या कचेरीत दिले आणि पोच घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी खैरटोल्याच्या बायांनी खांबावरच्या मीटरला पोतं बांधलं. तो डबा कुणी वापरायचा नाही, असं ठरलं होतं. त्या दिवशी पाळी बुधरामच्या घरची होती. नोटिशीत त्याचं नाव पहिलं होतं. गाडी रस्त्यात उभी होती आणि ताई तिच्या शेजारी. त्या बुधरामच्या दाराकडं बघतही नव्हत्या, त्याला लाज वाटू नये म्हणून असावं. थोड्या वेळानं तो लेकराला काखेत घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हातात वायर होती. ती त्यानं ताईंच्या हातात दिली आणि आत गेला.  मी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले, मानपत्रं ऐकली. एवढं मोठं काही मी पाहिलं नव्हतं.

घरी

येऊन दोन महिने झाले. जबाबाला बोलावल्याचं पत्र आलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा गोंदियाची गाडी धरायची आहे. या खेपेला बायकोही येते म्हणतेय, गुडघे गेले उडत म्हणाली. आमच्या बसा अजून रांगेनं उभ्या आहेत. 'काम पूर्ण'च्या त्या कागदाबद्दलही मी आता लिहून दिलंय. जुने सहकारी रस्ता बदलतात. बदलू देत.

परवा सुजाताताईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"पहिला मीटर लागला जी! तुमच्या बाजूनं बोलली त्या म्हातारीच्या गावाले. अर्ज त्यायचा पहिला होता ना. आमी सगळ्या गाडी घेऊन पाहाले गेलतो."

"आणि तुमचा?"

"काढून नेला ना पहिलेच. आमचा नंबर शेवटचा हाय. अजून दोन गावं व्हाची हायेत."

त्या हे असं सांगत होत्या जणू लॉटरी लागलीय. मी भीत भीतच विचारलं, "आणि ती नोटीस? घरांच्या लाइनी कापल्या नाहीत ना?"

"कापल्या ना. बुधरामच्या घरची कापली, मंग त्याच्या बाजूची बी कापली. पंधरा दिवस अंधारात होते लोकं."

"मग? गाडी बंद ठेवलीत?"

"कायले बंद?" त्या म्हणाल्या. "तिसऱ्या घरून लावली."